गिरणीतलं हसू

जावेनं जावेचं कौतुक केलं की आमच्या राणीसावरगावात लोक आधी विचारतात, वाटणीत काय मिळालं? म्हणून आधीच सांगून टाकते, मला काही मिळालेलं नाही. भागम्मा माझी थोरली जाऊ, मी तिला अक्का म्हणते; मी त्रिवेणी, आणि आमचा संसार एका चुलीवर भांडण्यात गेला. तरी मला या बाईचा असा अभिमान आहे की तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर माझा हात चपलेकडं जातो. वाकडं बोलायचा हक्क घरात एकटीला आहे, तो मला.

अक्का मूळची बोरी गावची. लग्न होऊन आली ती थेट पिठाच्या गिरणीत उभी राहिली. तिचा नवरा, आमचे लिंगराजभावजी, गिरणी चालवायचे. मोटारीजवळ आयुष्य काढून त्यांचे कान निम्मे गेलेले, आणि बोलणं मुळातच कमी. अक्का डबे उतरवून घ्यायची, वजन करायची, कुणाचं बारीक अन् कुणाचं भरड ते सांगायची. भुवयांवर पीठ आणि कपाळावर विभूती, कुठलं पांढरं कशाचं ते महादेवालाच ठाऊक.

गिरणीत बोलायचं तर पोटातून बोलावं लागतं. अक्काचा आवाज तिथं कमावला गेला. घरात ती "मीठ दे" म्हणाली तरी समोरच्या हॉटेलवाल्याला वाटायचं आपल्यालाच मागितलं. पण एवढ्या आवाजालाही भावजींचे कान दाद देत नसत. म्हणून डबा कुणाचा हे सांगायला ती त्या बाईची नक्कल करायची. मान झटकली की सुमनबाई, कमरेवर हात ठेवून पाय ओढला की कडूबाई. भावजी बरोबर त्याच डब्याला हात घालायचे. पुढं नकलेला बोलणं चिकटलं, बोलण्याला गोष्ट चिकटली, आणि घरात पीठ असतानाही बायका पायलीभर ज्वारी घेऊन गिरणीत यायला लागल्या.

त्या तिथं तोंड उघडून हसायच्या. बाहेरच्या माणसाला यात काय विशेष ते कळायचं नाही. आमच्याकडं सासरा, दीर समोर असताना बाईनं मोठ्यानं हसायचं नसतं. हसू आलं की पदराचा बोळा तोंडात कोंबायचा आणि हसू खांद्यात उतरवायचं. गिरणीसमोरच्या हॉटेलात बाकावर गावातले सगळे सासरे चहा पीत बसलेले. पण मोटार चालू असली की त्यांना घरघरीशिवाय काही ऐकू जात नसे. मग आम्ही काय हसायचो! त्या घरघरीत अक्कालाही आमचा आवाज ऐकू यायचा नाही. ती हसू डोळ्यांनी बघायची. कुणाचे दात दिसले, कुणाच्या डोळ्यांतून पाणी गळलं, त्यावरून तिला गोष्ट जमली की नाही ते कळायचं.

एकदा नेमकी मी हसत असताना लाईट गेली. मोटार थांबली आणि माझं हसू एकटंच रस्त्यावर गेलं. बाकावरच्या मामंजींनी बशी खाली ठेवली आणि ते उठून गेले. घरी कुणी एक शब्द बोललं नाही, तेच जास्त लागलं. तेव्हापासून बल्ब जरा मिचमिचला की गिरणीतल्या साऱ्या बायका तोंड मिटून घ्यायच्या.

अलीकडं गंगाखेडला एक छोटं रेडिओ केंद्र निघालं. तिथली अर्पिता पापड करणाऱ्या बायकांची मुलाखत घ्यायला आमच्या गावात आली आणि पत्ता विचारायला गिरणीत शिरली. अक्कानं पत्ता सांगताना वाटेतल्या प्रत्येक घरातला माणूस बोलून दाखवला. पापड राहिले बाजूला, पोरगी पोत्यावर बसून पोट धरून हसली.

अर्पितानं शिकताना विलायतेच्या रेडिओवरचे जुने विनोदी कार्यक्रम ऐकले होते. तिकडं म्हणे थिएटरात लोक बसवायचे, नट हातात कागद घेऊन माइकसमोर उभे राहायचे, एकजण बाजूला दार आपटायचा, नारळाच्या करवंट्या वाजवून घोडा पळवायचा. आणि हसू समोरच्या लोकांचं खरंखुरं, तेही घराघरांत जायचं. त्यामुळं घरात एकटा बसलेला माणूससुद्धा चारचौघांत बसल्यासारखा हसायचा.

"काकू, आपण तसंच करू," अर्पिता म्हणाली. "आपल्या गावचे लोक, आपल्या गावचं हसू."

अक्कानं गोष्टी सांगितल्या, अर्पितानं त्या लिहून घेतल्या. कार्यक्रमाचं नाव 'डबा नंबराला'. अक्का सासू झाली, मला सून केलं. शिवाय दार आपटणं आणि सुपातून डब्यात ज्वारी ओतणं, ही कामंही माझ्याच गळ्यात. गावच्या शाळेत कार्यक्रम ठेवला. पुरुष पुढं खुर्च्यांवर, बायका मागं सतरंजीवर. अक्का त्या दिवशी अशी बोलली, अशी बोलली, की मला माझी वाक्यं सुचेनात. मागच्या सतरंजीवर सगळे खांदे गदगदत होते. घरी येताना तिचे पाय जमिनीवर नव्हते.

दुसऱ्या दिवशी अर्पिता रेकॉर्डिंग घेऊन आली. तिचा चेहरा पडलेला. आम्ही ऐकलं. अक्काचा आवाज, माझं दार, आणि जिथं जिथं हसू पाहिजे तिथं तिथं शुकशुकाट. एका ठिकाणी कुणीतरी खोकलं होतं.

"काकू, कुणी हसलंच नाही," अर्पिता हळू म्हणाली.

"हसले. म्या बगितलं की माझ्या डोळ्यानं."

"रेडिओला डोळे नसतात ना काकू."

पुरुषांनी मिशीत हसून घेतलं होतं आणि बायकांनी पदरात. केंद्राच्या साहेबांनी अर्पिताला उपाय सांगितला होता, संगणकात तयार हसू मिळतं, ते लावून टाक. तिनं ते वाजवून दाखवलं. कुठल्या देशातली माणसं होती कुणास ठाऊक, एकसारखी खळखळून हसत होती.

अक्कानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे कोन हसायलंय? ह्याला ज्वारी ठावी हाय का? ह्यानं कडूबाईला बगितलंय का?"

"काकू, तेवढंच चालेल असं साहेब म्हणतात. हसूच नसेल तर भाग लावणार नाहीत."

"मग नका लावू. शेजारनीकडून उसनं पीठ आनावं, उसनं हसू न्हाई. दुसऱ्याचं हसू लावायचं तर माझा आवाज काढून टाका."

पोरगी गेली. अक्का माझ्यावर उगीच ओरडली, मी भावजींवर ओरडले, त्यांना ऐकू आलं नाही. रात्री जेवताना ती एवढंच म्हणाली, "त्रिवेणे, खरंच हसले नसतील का गं? आजवर गिरणीत तरी बाया हसल्या असतील का? का नुसत्याच दात दाखवायल्यात मला?" ही बाई कधी कुणाला विचारत नाही. मी हसायचे हे तिला शपथेवर सांगितलं, पण जावेची शपथ कोण धरतं!

या शंकेतून तिला सोडवलं कडूबाईनं. कडूबाई गावातली सगळ्यात जुनी सासू, निम्म्या गावाची आत्या नाहीतर आजी. ती दळण घेऊन आली आणि अक्काच्या तोंडापुढं पदर धरून म्हणाली, "हे बग, तुझ्यापायी नवा पदर चावून चावून भोकं पडली. भरपाई कोन देनार?"

अक्का त्या पदराकडं बघत राहिली. दातांचे वण स्पष्ट दिसत होते. तिनं तिथल्या तिथं अर्पिताला फोन लावला. "पोरी, पुन्यांदा ये. शाळेत नगं, गिरणीत. मोटार चालू ठिवून करायचं."

"काकू, मोटारीत काहीच ऐकू येणार नाही!"

"मोटार माझ्या हातात हाय," अक्का म्हणाली आणि फोन ठेवला.

ठरल्या दिवशी गिरणी भरली. अर्पितानं एक माइक अक्काच्या ओठांशी बांधला, दुसरा बायकांच्या डोक्यावर टांगला. बाहेर बाकावर नेहमीची मंडळी होतीच. मोटार सुरू झाली, पट्टा फिरू लागला. अक्का भिंतीला टेकून उभी राहिली आणि सासू होऊन आपल्या लेकाची गोष्ट सांगू लागली.

लेकाला दळण घेऊन गिरणीत पाठवलं. गिरणी दोन गल्ल्या पलीकडं. पण पोरगं शिकलेलं, त्यानं मोबाईलवर नकाशा लावला. "त्यातली बाई म्हनली वळा, ह्यो वळला. म्हनली सरळ जा, ह्यो सरळ गेला. दिवस मावळायला घरी आला. म्हनलं, बाळा, पीठ कुटं हाय? तर म्हनला, मी गंगाखेडच्या साखर कारखान्यावर पोचलो होतो."

बायका फुटायला लागल्या. घरोघरी असलाच एक बाळ आहे.

"म्हनलं, मग पीठ न्हाई आनलं? म्हनला, न्हाई आई, साखर आनली!" अक्कानं छाती फुगवली, डोळे मिटले. "म्हनलं, बगा! हुशार हाय माझं लेकरू. रस्ता चुकलं तरी गोडच घिऊन आलं!"

कडूबाईनं दोन्ही हातांनी मांड्या बडवल्या. सगळ्यांची तोंडं उघडी. आणि त्याच वेळी अक्कानं पाठीमागं हात नेऊन मेन खटका खाली ओढला.

बल्ब आधी मिचमिचला नाही, त्यामुळं कुणाला सावध व्हायला सवड मिळाली नाही. घरघर उतरत गेली आणि तिच्याखालून हसू वर आलं. विहिरीचं पाणी उपसल्यावर तळ दिसावा तसं. किती तऱ्हेचं होतं ते! कुणी किंचाळत होती, कुणाला उचकी लागली होती, कडूबाई तर चक्क घोड्यासारखी खिंकाळत होती. रस्त्यावरचे लोक थांबले. बाकावरच्या बशा थांबल्या. दोघी-तिघींचे हात पदराकडं गेले, माझाही गेला.

कडूबाईनं माझा हात धरला. बाहेर बघून, डोळे पुसत मोठ्यानं म्हणाली, "आता कामून झाकायल्यात? ऐकलं की सगळ्यायनं! हसा गं बायांनो!" आणि पुन्हा खिंकाळली. तिच्यापुढं बोलायची बाकावरच्या एकाचीही टाप नव्हती, कारण त्यातल्या बहुतेकांची नाकं लहानपणी तिनंच पुसली होती.

पुढचं वाक्य अक्काचं होतं. मी खुणा केल्या, कोपरानं ढोसलं. जन्मात शब्द न विसरलेली बाई माइकसमोर नुसती उभी होती आणि ऐकत होती. मग अगदी हळू आवाजात, असा हळू आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, ती म्हणाली, "एवढं हसता व्हय गं तुमी?"

त्यावर बायका अजून हसल्या. मोटार बंदच राहिली, आणि पुढचा सगळा भाग शेवटपर्यंत उघड्या हसण्यात पार पडला.

साहेबांनी अक्काचं ते कागदात नसलेलं वाक्य कापायला सांगितलं होतं. अर्पितानं कापलं नाही, आणि ऐकल्यावर साहेबांनीही ते राहू दिलं. रविवारी सकाळी 'डबा नंबराला' लागला तेव्हा हॉटेलवाल्यानं आपला रेडिओ आणून गिरणीच्या उंबऱ्यावर ठेवला. आत बायका, बाहेर पुरुष, मध्ये दळणाचे डबे रांगेत. भावजींनी कुणी न सांगता मोटार बंद केली आणि कान रेडिओला लावून बसले. लेक साखर घेऊन घरी आला तेव्हा रेडिओतल्या बायका हसल्या, गिरणीतल्या हसल्या, आणि बाहेर बाकावर कुणीतरी चहा नाकातून काढला. रेडिओतली अक्का म्हणाली, "एवढं हसता व्हय गं तुमी?" भावजींनी मान वर करून बायकोकडं बघितलं आणि बोटानं डोळ्याच्या कडेचं पीठ पुसलं.

माझ्या जावेनं हे करून दाखवलं. आमच्या गावचं हसू, स्वतःचं, कुणाकडून न मागितलेलं, साऱ्या तालुक्याला ऐकवलं. तेव्हा मी रडले, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

कार्यक्रम संपला. डबे खोळंबले होते, म्हणून भावजी उठले आणि त्यांनी खटक्याकडं हात नेला. अक्कानं तो हात मधेच धरला.

"थांबा की जरा," ती म्हणाली. "आजून हसायल्यात."