एका हाताला पेलेल असा लॅपटॉप

१४ जून. बरेच महिने इथे फिरकलो नाही, माफ करा. आज मात्र लिहावंसं वाटलं.

माझी मुलगी गौरी पुढच्या आठवड्यात नांदेडहून लातूरला जाईल, कोचिंगसाठी. तिच्यासाठी स्वस्तातला लॅपटॉप बघायला दुपारी दुकानात गेलो. गौरी आणि माझी आईही सोबत होती.

गौरीला मोठ्या स्क्रीनचा आवडला. आईनं तो डाव्या हातानं उचलला आणि लगेच खाली ठेवला. "लई जड हाय. एका हातात यायला पायजे."

दुकानदार हसला. "मावशी, पोरीला दोन हात हायेत की."

"एक मोकळा लागतो, बाबा," आई म्हणाली आणि तिनं सगळ्यात लहान लॅपटॉप गौरीच्या हातात दिला.

गौरीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिची बाजू घेणारच होतो, पण आईच्या हातांकडे लक्ष गेलं. १९९३च्या लातूरच्या भूकंपाच्या पहाटे आईनं एका हातानं मला आणि दुसऱ्या हातानं आजीला घराबाहेर ओढलं होतं. माझा धाकटा भाऊ आत राहिला. तेव्हापासून आई प्रवासाला एका हाताला पेलेल एवढंच सामान नेते. आम्ही त्याला तिचा हट्ट म्हणत आलो.

लहानच घेतला. गौरी रुसली आहे. तिला कारण सांगितलं तर ही भीतीही तिच्यासोबत लातूरला जाईल, आणि नाही सांगितलं तर आजी तिला हट्टीच वाटेल. तुम्ही काय केलं असतं?

उद्याचं काम: गौरीसाठी पाठीवरची सॅक आणणे, दोन्ही हात मोकळे राहतील अशी.