माहेरच्या वाटेला बावीस दाते

माझी सायकल बिनगिअरची आहे. पेडलजवळच्या पुढच्या चेनव्हीलला बत्तीस दाते आहेत आणि मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलला बावीस. हे दोन आकडे सांगितले की नाशिकमधले सायकलवाले पुरुष हसतात. हसू देत. त्यांच्यापैकी कुणाला ते सामान घेऊन तो चढ चढायचा नव्हता.

मी नाशिक रोडला राहते, घरी ब्लाउज शिवते आणि वयाची बावन्न वर्षं पूर्ण केली आहेत. माझं शिलाई मशीन अजून पायाचं आहे. मोटर लावा म्हणून गिऱ्हाइकांपासून नवऱ्यापर्यंत सगळ्यांनी सांगून झालं. मी लावली नाही, कारण टाका कुठे थांबवायचा ते पायाला कळतं. माझा पाय मिनिटाला सत्तर फेऱ्यांवर न थकता चालतो, हे मी घड्याळ लावून मोजलं होतं. पुढचा सगळा हिशेब त्या सत्तरावर उभा आहे.

माहेर सटाण्याच्या अलीकडे, मळ्यात. आई ऐंशीची झाली, धाकटा भाऊ कांद्याची शेती बघतो. तीस वर्षं मी माहेरी जात आले ते कुणी नेलं तर. नवऱ्याला सुट्टी असेल, भावाची पिकअप नाशिकला आली असेल, भाच्याचं लग्न असेल. एसटी आहे, मला माहीत आहे. पण फाट्यावर उतरलं की पुढे सात किलोमीटर मळ्याचा रस्ता, आणि तिथे पुन्हा कुणीतरी घ्यायला यायचं. मला महिन्यातून एकदा, कुणाला न विचारता जायचं होतं. माझ्या भावाला कुणी विचारत नाही की बाबा रे, एसटी असताना मोटारसायकल कशाला.

सगळी वाट हायवेने सायकल चालवायची माझी तयारी नव्हती. ट्रक बाजूने गेला की हँडल हातात राहत नाही. म्हणून मी दुसरा रस्ता काढला. ओझरच्या पुढे हायवे सोडायचा, कालव्याच्या कडेची वाट धरायची, मग शिवाररस्ते, मग चांदवडच्या डोंगरातली खिंड. खिंडीला आमच्याकडे बारी म्हणतात. बारीतला रस्ता कच्चा, नुसते दगड आणि फुफाटा. पलीकडे उतरलं की देवळ्याकडून मळा. एकूण सत्त्याण्णव किलोमीटर, मध्ये एक मुक्काम मावसबहिणीकडे.

आधी माझ्याकडे गिअरची सायकल होती. ऑक्टोबरच्या पावसानंतर कालव्याच्या वाटेवर काळी माती मागच्या गिअरमध्ये अशी बसली की चेन ओढताच ते लटकणारं यंत्र मोडून चाकात गेलं. अकरा किलोमीटर सायकल ओढत आणली आणि त्याच आठवड्यात विकली. जी वस्तू मोडल्यावर खेड्यात दुरुस्त होत नाही ती घेऊन मी खेड्यात जाणार नव्हते. बिनगिअरचं फ्रीव्हील प्रत्येक बाजारगावात मिळतं.

नवी घेतली ती साधी लोखंडी, सव्वीस इंची. तिला पुढे चव्वेचाळीस आणि मागे अठरा दाते होते. पेडलच्या एका फेरीत ती पाच मीटर पळायची. रिकामी, डांबरावर, तरुण मुलासाठी ठीक आहे. मी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला पुढे बत्तीस बसवायला सांगितलं.

तो म्हणाला, "काकू, बत्तीस म्हणजे पोरांची सायकल होईल. जोरच लागणार नाही."

"जोर लागू नये म्हणूनच बसवायचे."

"मग मागचे अठरा तरी राहू द्या. नाहीतर रस्त्यावर लोक चालत तुम्हाला मागं टाकतील."

अठरा राहू दिले, पण तपासायचं ठरवून. सामान वजन केलं. पाणी चार किलो, हत्यारं, ट्यूब आणि पंप एक किलो सहाशे, कपडे एक किलो चारशे, चादर-घोंगडी एक किलो तीनशे, माहेरी द्यायच्या वस्तू तीन किलो शंभर. एकूण अकरा किलो चारशे. सायकल चौदा किलो दोनशे, मी एकसष्ट. सगळं मिळून शहाऐंशी किलो सहाशे. सामानाएवढं वजन पिशव्यांत गहू भरून कॅरिअरवर बांधलं आणि म्हसरूळच्या टेकडीकडच्या एका कच्च्या चढावर गेले. चढ सातशे मीटरचा, चाकाच्या फेऱ्यांनी मोजलेला.

अठरा दात्यांवर तीनशे दहा मीटरला गुडघ्याने नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी वीस लावले, सहाशे चाळीसपर्यंत गेले, शेवटचे साठ मीटर ढकलली. तिसऱ्या दिवशी बावीस, आणि पूर्ण सातशे बसून चढले. पण सपाटीवर, मिनिटाला सत्तर फेऱ्यांनी, बावीसने ताशी साडेबारा किलोमीटर पडत होते आणि वीसने जवळजवळ चौदा. सत्त्याण्णव किलोमीटरमध्ये त्रेचाळीस मिनिटांचा फरक. साठ मीटर चालायला एक मिनिट लागतं. मी वीस ठरवले.

त्याच चढावर रोज सकाळी चार-पाच जणांचा एक घोळका यायचा, चकचकीत सायकली, चकचकीत कपडे. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातला एक थांबला. माझे पाय भराभर फिरताना बघून म्हणाला, "काकू, पुरण वाटताय का?"

दुसरा म्हणाला, "अहो, एवढी आकडेमोड करण्यापेक्षा गिअरची घ्या. आणि ते उतरून ढकलणं बरं दिसत नाही हो. चढावर उतरलं म्हणजे हरलं."

मी त्याला विचारलं, "तुम्ही या चढावर मिनिटाला किती मीटर जाता, ओझं घेऊन?"

"ओझं कशाला घ्यायचं?"

"मग बोलूच नका."

ढकलण्याची लाज मला वाटत नाही, आणि ती कुणाकडून लावूनही घेणार नाही. मी सायकल ढकलत मिनिटाला पंचाहत्तर मीटर चालते. सीटवर बसून त्याहून हळू जायचं असेल, तर तेवढा वेळ फक्त गुडघा झिजवायचा आणि दिसायला बरं दिसायचं. मला गुडघा आणखी वीस वर्षं वापरायचा आहे.

नवऱ्याने हे सगळं पाहिलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी म्हणाला, "जा. अडवत नाही. पण एकटीने जाऊन एकटीने यायचं. पिकअपमध्ये बसून परत आलीस तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"आणि सायकलवर आले तर?"

"तर बघू."

बघू हा शब्द मला आवडला नाही, पण अट मान्य केली. तो घाबरला होता, हे मला दिसत होतं. पण घाबरणं त्याचं, आणि बंदी माझ्यावर, हे काही बरोबर नव्हतं.

जाताना वीसने चांगलं काम केलं. बारीत नऊशे मीटर ढकलली, बाकी चालवली. दुसऱ्या दिवशी दुपारी मळ्यात पोचले. ओट्यावर आई बसली होती, शेजारची एक बाई तिच्याजवळ. दोघींनी माझ्याकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं, कॅरिअरवरच्या घोंगडीकडे पाहिलं, आणि शेजारणीचा चेहरा एकदम दुःखी झाला.

"घरी सगळं बरं आहे ना?" शेजारीण हळूच म्हणाली. "जावयांचं काम चालू आहे ना?"

आई कपाळावर हात मारून म्हणाली, "काय वं माय, जवाईकडे गाडी नई का? लोके काय म्हणतीन?"

"लोकांना सांग, गाडी आहे आणि नाशिकला दारात उभी आहे. मी हौसेने आले."

"आसी कसी हौस?" आई म्हणाली. पण माझ्या पोटऱ्या मात्र तिने स्वतः तेल लावून चोळल्या.

तीन दिवस राहिले. निघायच्या आदल्या सकाळी ओट्यावर पिशव्या यायला लागल्या आणि मग माझ्या लक्षात आलं की मी केवढी चूक केली आहे. साधी नाही, लाज वाटावी अशी चूक. लेकीला माहेराहून मोकळ्या हाताने पाठवत नाहीत, हे मला जन्मापासून माहीत आहे. तीस वर्षं मी डिकी भरून परत येते आहे. आणि ग्रॅमपर्यंत वजनं लिहिणाऱ्या मी फक्त जातानाचा हिशेब केला होता.

भावाच्या कांद्याच्या काट्यावर पिशव्या ठेवल्या. लाल तिखट दोन किलो, उडदाचे पापड दीड किलो, शेंगदाणे तीन किलो, तूप एक किलो, कांदे पाच किलो. साडेबारा किलो.

"आई, कांदे राहू दे. नाशिकला कांदे मिळतात."

"आपला मयाना भेटतस का?"

आपल्या मळ्याचे मिळत नाहीत, हे खरं होतं.

"मग पुढच्या वेळी नेते."

आई कांद्याची पिशवी उचलून आत घेऊन गेली आणि पाठ करून बसली. भाऊ मला म्हणाला, "कशाला तिला दुखवतेस ताई? तू आणि सायकल दोन्ही पिकअपमध्ये टाकतो. उद्या तसंही नाशिकला माल न्यायचाय. दोन तासांत घरी."

म्हणजे दोनच वाटा होत्या. पिशवी नाकारली तर आईला वाटणार की सायकलपायी पोरगी तिच्या हातचं घेत नाही, आणि पुढच्या वेळी तीच म्हणणार, असं येऊ नकोस. पिशवी घेतली आणि पिकअपमध्ये बसले तर नवऱ्याची अट. दोन्हीकडून येणं बंद. मी आत गेले आणि पिशवी परत बाहेर आणली.

मग हिशेब केला. माहेरी द्यायच्या वस्तू वजा होऊन माझं सामान आठ किलो तीनशे उरलं होतं. त्यात साडेबारा, म्हणजे वीस किलो आठशे. सगळं मिळून शहाण्णव किलो. आलेल्या वजनापेक्षा जवळजवळ अकरा टक्के जास्त. मागे वीसचे बावीस केले तर जोर साधारण तेवढाच लागणार, एखादा टक्का इकडेतिकडे. एक टक्का पाय घेतील.

दुपारी रिकामी सायकल घेऊन सटाण्याला गेले. पहिल्याच दुकानात बावीसचं फ्रीव्हील निघालं. दुकानदाराने वीस काढून बावीस बसवलं, चाक खाचेत बोटाच्या अर्ध्या रुंदीएवढं पुढे घेतलं, चेनला हातही लावावा लागला नाही. वीस मिनिटं.

"बाई, आता पळणार नाही ही," तो म्हणाला.

"पळवायची नाहीच आहे."

सकाळी निघाले. आईने ओटी भरली, म्हणजे आणखी तांदूळ आणि नारळ. ते मी वजन केले नाहीत. काही गोष्टी काट्यावर ठेवत नाहीत.

देवळ्याच्या बाजूने बारी जास्त उभी आहे, चढ दोन किलोमीटर सहाशे मीटर. दीड किलोमीटर चालवत चढले. पाय हळू फिरत होते, पण फिरत होते, आणि गुडघा गप्प होता. मग दगड मोठे झाले, उतरले आणि ढकलायला लागले. शंभरेक मीटर गेले असेन, तर मागून हॉर्न. भावाची पिकअप. हायवेने जायचं सोडून तो या वाटेला आला होता.

"ताई, लय झालं. टाक मागं."

"नाही."

"बरं, तू बसू नको. पिशव्या तरी दे. सायकल तू चालव."

मला मोह झाला, हे लिहायला हवं. हातांना रग लागली होती. साडेबारा किलो कमी होणार होते, आणि अट तर माझ्या बसण्याबद्दल होती, पिशव्यांबद्दल नव्हती.

"कोण बघतंय इथं?" तो म्हणाला.

"मी वीस किलो आठशे वहीत लिहिलंय."

"मग खोड की!"

"शाईने लिहिलंय. जा तू."

तो गेला नाही. माझ्यामागे पहिल्या गिअरमध्ये गाडी रेंगाळवत राहिला. मी थांबले की तो थांबायचा. पाच-सात मिनिटांनी खिडकीतून डोकं काढून ओरडला, "ताई, तुझ्यामागं माझी गाडी तापायला लागली!"

"मग तिलाच ढकल खाली उतरून."

तो मनापासून हसला. बाजूने गाडी काढून पुढे गेला, आणि वळणावर हात बाहेर काढून हलवला. अकराशे मीटर मी ढकलली. सतरा मिनिटं लागली, थांबे धरून. माथ्यावर पाणी प्याले, सीटवर बसले आणि उतरायला लागले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी घरी पोचले. नवरा फाटकाशी उभा होता. भावाने फोन करून सगळं सांगितलं असणार, कारण नवऱ्याने काही विचारलं नाही. कॅरिअरवरच्या पिशव्या सोडवायला लागला. कांद्याची उचलली तेव्हा त्याचा खांदा वाकला. त्याने एकदा पिशवीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं.

हातपाय धुवायच्या आधी, तिथेच पायरीवर बसून, मी विषय काढला.

"पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी निघते आहे."

त्याने पिशवी खाली ठेवली. "पुढच्या वेळी कांदे आणू नकोस," तो म्हणाला. "नाशिकला मिळतात."

"आई देईल तेवढं आणणार," मी म्हटलं. "बावीस आता जातानाही काढायचे नाहीत. जाताना त्रेचाळीस मिनिटं उशीर होईल. होऊ दे."