परत काढलेली चिठ्ठी

“पुन्हा काढू या. चिठ्ठ्या नीट हलवल्या नव्हत्या.” काकांनी माझ्या नावाची चिठ्ठी माझ्याच हातात दिली. मी घडी घालून ती परत डब्यात टाकली. मी, स्वतः.

टेक्सासच्या अर्विंगमधली आमची मराठी ख्रिस्ती मंडळी भाड्याच्या हॉलमध्ये भरायची. त्या रविवारी मंडळीचा पहिला प्रमुख ठरायचा होता. मतदान केलं तर भांडणं होतील, म्हणून मंडळीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या काकांनी शास्त्रातला मार्ग काढला. बायबलमधून मोठ्यानं वाचलं. इस्राएल लोक मिस्पात जमले, राजा हवा म्हणून. शमुवेलानं चिठ्ठ्या टाकल्या. आधी वंश, मग कुळ, मग माणूस. निघाला धाकट्या वंशातला शौल, आणि तो सामानात लपून बसलेला. “देवाची निवड. त्यात माणसाचा हात नाही,” काका म्हणाले. आम्ही आमेन म्हटलं.

मग डब्यातून माझं नाव निघालं.

काकू हसत म्हणाल्या, “अहो, अमेरिकन पाळकांसमोर उभं राहायचं, घरंदाज माणूस नको का? याचे वडील आमच्याच मिशन हॉस्पिटलात संडास धुवायचे.” काकांचे पणजोबा ब्राह्मणातून ख्रिस्ती झालेले. दर नाताळला ऐकायचो.

मी गप्प का बसलो? नोकरी गेल्यावर काकांनीच मला ऑफिसातल्या त्यांच्या टीममध्ये घेतलं होतं. ग्रीन कार्डचे कागद त्यांच्या सहीवाचून हलत नव्हते. आणि खरं सांगतो, सरकून जागा द्यायची सवय फार जुनी.

दुसऱ्यांदा काकांचा जावई निघाला. “हालेलुया!” टाळ्या. कुणीतरी ओरडलं, “पार्टी पाहिजे, यार!”

काका माझ्याकडे वळले. “चल, आभाराची प्रार्थना तू कर. देवानं निवड केली.”

मी उठलो. डोळे मिटले नाहीत.

“देवानं केली होती, काका. तुम्ही ती मोडलीत. मी मोडू दिली, तो माझा गुन्हा. पण याला मी आमेन म्हणणार नाही.”

“अरे, मंडळीत असं बोलतात?”

“इथंच बोलायला हवं होतं. आधीच.”

शेजारी बसलेली माझी मुलगी कुजबुजली, “बाबा, आर वी लीव्हिंग?”

“हो.”

सही अजून अडलेली आहे. बायको म्हणते, एक फोन करा, सॉरी म्हणा, सुटेल सगळं. ती दमलीय. मीही दमलोय, चाळिशी कधीच उलटली. पण फोन करणार नाही. या देशातून काढलं तर जाईन. माझ्या अपमानाबद्दल माफी मी मागणार नाही.