ओळ शून्य

"म्हाईत न्हाय," असं म्हणताना अण्णा दोन्ही तळवे टेबलावर उपडे ठेवायचे आणि समोरच्याकडे सरळ बघायचे. ओशाळायचे नाहीत, हसायचे नाहीत, ‘बघतो, करतो’ असं गुळमुळीत बोलून वेळ मारून न्यायचे नाहीत. माहीत नाही म्हणजे नाही, पुढे बोला.

तुम्ही कोल्हापूरचे असाल तर ही सवय किती विचित्र आहे ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे पत्ता विचारणाऱ्याला ‘माहीत नाही’ म्हणणं हा जवळजवळ अपमान. ठिकाण ठाऊक असो नसो, आपण गाडी थांबवतो, हात लांब करतो, "हितनं सरळ जावा की पावणं, म्होरं डाव्या हाताला वळा," आणि पावणं बिचारं पंचगंगेच्या घाटावर जाऊन पोचतं. अण्णा मात्र म्हणायचे, "म्हाईत न्हाय पावणं, फुडं इचारा." एकदा उद्यमनगरात आमच्या ऑफिसखाली चहा पिताना त्यांनी एका टेम्पोवाल्याला असं सांगितलं, तर चहावाल्यालाच राहवलं नाही. त्याने टेम्पोवाल्याला बिनधास्त चुकीचा रस्ता सांगितला आणि गावाची लाज राखली.

ऑफिसात सगळे त्यांना अण्णा म्हणत. खरं नाव लिहीत नाही. लिहिलं तर आमचे तेव्हाचे मालक वकिलाची नोटीस पाठवतील, आणि मला त्या माणसाचं तोंड पुन्हा बघायचं नाही. अण्णा निपाणीकडचे. मी वयाने चांगलीच लहान, तरी मला अक्का म्हणायचे. मी तपासणी विभाग बघायचे आणि ते कंपायलर. घरचे म्हणतात माझं डोकं लवकर तापतं. तापतं. हे सगळं आठवताना तर तापणारच.

आता कंपायलर म्हणजे काय ते सांगते, कारण त्याशिवाय अण्णा कळायचे नाहीत. आमची कंपनी फौंड्रीतली, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातली, मशीनं चालवणारे कंट्रोलर बनवायची. मशीनने काय करायचं हे आमची पोरं माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहायची आणि कंपायलर ते मशीनच्या भाषेत उतरवायचा. उतरवताना तो ओळी उचलतो, हलवतो, कापतो, चेपून बसवतो. अण्णांकडे त्यातली दोन कामं होती. पहिलं, मशीनची कुठली आज्ञा मूळ कुठल्या ओळीतून आली याचा माग ठेवायचा. मशीन अडलं की त्यावरून ओळ सापडते. दुसरं, काम अर्ध्यात बिनसलं तर मागे कसं यायचं याचा तक्ता सांभाळायचा. आधी दाब उतरवा, मग पकड सोडा, मग मोटर बंद. क्रम चुकला तर माणसाच्या अंगावर येतं.

सगळं सुरळीत असलं की या दोन्ही कामांचं अस्तित्वच दिसत नाही. बाकीच्यांचं काम स्क्रीनवर नाचायचं, टाळ्या मिळायच्या. अण्णांना वर्षअखेरीच्या बैठकीत सर विचारायचे, "तुम्ही नक्की काय केलं या वर्षी?" सर म्हणजे आमचे मालक. अण्णा म्हणायचे, "काय बिघडलं न्हाय की." सर हसायचे आणि पगारवाढ दुसऱ्याला द्यायचे. मला तेव्हाही संताप यायचा, आणि अण्णा मात्र खालच्या गाड्यावर जाऊन निवांत भडंग खायचे.

सरांशी त्यांचं वाजलं ते शून्यावरून.

दोन जागी सारखाच मजकूर दिसला की कंपायलर तो एकदाच ठेवतो, जागा वाचते. पण त्या एका तुकड्याची मूळ ओळ कुठली म्हणायची? पहिल्या जागेची की दुसऱ्या? मशीन त्या तुकड्यात अडलं तर ते कुठून तिथे आलं हे त्या तुकड्यावरून कळत नाही. अशा ठिकाणी अण्णा ओळीच्या जागी शून्य लिहायचे. शून्य म्हणजे माहीत नाही. हा त्यांचा हट्ट नव्हता, या धंद्यातली जगभरची रीतच आहे.

पण एका गिऱ्हाइकाला मशीन दाखवताना बिघाडाच्या अहवालात चार-दोन शून्यं दिसली आणि गिऱ्हाइकाने भुवया उंचावल्या. झालं. सरांनी अण्णांना बोलावून सांगितलं की शून्य दिसलं की आपल्याला काही येत नाही असं वाटतं, तेव्हा तिथे जवळची कुठलीतरी ओळ टाका. अण्णांनी समजावलं, भांडले, आणि शेवटी म्हणाले, "चुकीचा पत्ता सांगण्यापरीस न सांगितल्यालं बरं, सर." सरांनी ते काम आपल्या भाच्याला दिलं. भाच्याने ते एका दुपारी उरकलं आणि सरांनी ऑफिसला पेढे वाटले. कशाचे पेढे ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. त्याच बैठकीत बिघाडाच्या वाटांची तपासणी, म्हणजे माझं काम, निम्म्यावर आणलं. वर्षातून एकदा घडणाऱ्या गोष्टीवर एवढा वेळ कशाला, असं सरांचं म्हणणं.

वर्षातून एकदा घडणारी ती गोष्ट शिरोलीच्या एका फौंड्रीत घडली. साचे दाबणारं मशीन मध्येच अडलं, मागे यायला लागलं, आणि दाब उतरायच्या आधीच त्याने पकड सोडली. वाळूने भरलेली पेटी तिथल्या कामगाराच्या पावलावर पडली. रंगराव त्याचं नाव. पाऊल चेचलं. आमच्या ऑफिसात पहिल्या दिवशी सगळे हळहळले आणि दुसऱ्या दिवशी त्याचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. सगळ्यांना एकच हवं होतं, ओळ कुणाची?

अहवालात ओळ आली ती सुप्रियाची. हुपरीची पोरगी, घरी आईबाप पैंजणांना घुंगरं जोडतात, त्या घरातली पहिली इंजिनिअर. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. मशीन ज्या तुकड्यात अडलं त्यात दोन जागांहून येता येत होतं, एक सुप्रियाने लिहिलेली आणि दुसरी भाच्याने. सुप्रियाची ओळ फाइलमध्ये वर होती, म्हणून शून्याच्या जागी तिची बसली. एवढंच. पण सरांना भाच्याचं नाव नाही हे बघून केवढा आनंद झाला. त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की चूक कबूल कर, राजीनामा दे, पोलिसांचं आम्ही बघून घेतो. पोरगी बाहेर आली ती कागदासारखी पांढरी. म्हणाली, "मॅडम, माझ्यामुळं त्या माणसाचा पाय गेला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तडक अण्णांकडे गेले. म्हटलं, आता तोंड उघडा. इथे मूळ शून्य होतं हे सांगा, आणि मशीन भाच्याच्या वाटेने आलं होतं असं ठणकावून सांगा. या इमारतीत तुमचा शब्द मोडायची कुणाची टाप नाही.

"मूळ शून्य हुतं ह्ये सांगतो की," अण्णा म्हणाले. "पर भाच्याचं कसं सांगू? मला म्हाईत न्हाय."

"पोरीची नोकरी जातीय. जन्माचा डाग लागतोय तिला."

"तिची न्हाय असं बी मला म्हाईत न्हाय, अक्का."

आणि तळवे टेबलावर उपडे. त्या क्षणी तो माणूस माझ्या असा काही डोक्यात गेला म्हणून सांगू. अरे, एक वाक्य! एक वाक्य बोलायला काय जीव जात होता? भाच्याला काही झालं नसतं, मामाने त्याला अलगद बाहेर काढलं असतं, आणि पोरगी वाचली असती. मी तोंडाला येईल ते बोलले. तुमच्या शून्यात जाऊन पडा म्हटलं. ते खाली मान घालून ऐकत राहिले. मग एवढंच म्हणाले की राजीनाम्यावर तिला सही करू देऊ नका, कायबी कारण काढून थांबवून ठेवा.

मी थांबवून ठेवलं. सुप्रियाला सांगितलं की ताप आलाय म्हणून घरी पड, फोन बंद ठेव. त्या दिवसांत अण्णा ऑफिसात दिसेनात. फौंड्रीत जाऊन त्या मशीनपुढे उभे राहायचे, वाळूने भरलेले बूट घेऊन परत यायचे, कंपायलरचं ते सारखा मजकूर एकदाच ठेवणं बंद करून दोन्ही वाटा वेगवेगळ्या चालवून बघायचे. सुप्रियाची वाट बरोबर निघाली. भाच्याचीही बरोबर निघाली. मग त्यांनी स्वतःचा तक्ता काढला.

पुढच्या बैठकीत सर, भाचा, सुप्रिया, मी आणि फौंड्रीचा एक साहेब, असे बसलो होतो. अण्णा उभे राहिले. म्हणाले की दोन्ही पोरांचं काम चोख आहे. दोन वाटा एकत्र आल्या की मागे कुठल्या पायरीपासून यायचं, हे माझ्या तक्त्यात लिहिलेलं असतं. तिथे एका वाटेला मी पहिल्या पायरीऐवजी दुसरीवर पाठवलं होतं. त्यामुळे दाब उतरायची पायरी गाळली गेली.

"चूक माझी हाय," ते म्हणाले. "तिची न्हाय, त्याची बी न्हाय. मी लिवलंतं, मीच तपासलंतं."

सुप्रियाने टेबलाची कड घट्ट धरली होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आणि सरांचा चेहरा? सरांचा चेहरा खुलला हो. सुटले होते ते. मी मध्येच बोलले की तपासणी निम्म्यावर आणली नसती तर हे माझ्या टेबलावर सापडलं असतं, आणि शून्यं पुसली नसती तर एका निर्दोष पोरीचा जीव टांगणीला लागला नसता. सर म्हणाले, "तो विषय आज नको." अण्णांनीही मला हाताने थांबवलं. का थांबवलं? याचा राग मला अजून आहे. स्वतःची चूक त्यांनी अशी लख्ख पुढे ठेवली की बाकीच्यांच्या चुका तिच्या आड आरामात लपल्या. मी त्यांना तसं सांगितलं, तर म्हणाले की सरांचं सर बघतील, माझं मला सांगायचं होतं.

सरांचं सरांनी काय बघितलं ते ऐका. अण्णांना त्याच दिवशी घरी पाठवलं. सगळ्या गिऱ्हाइकांना कळवलं की दोषी माणसाला काढून टाकलं आहे. कंपायलर भाच्याकडे गेला. इतक्या वर्षांत त्या तक्त्यामुळे किती मशीनं व्यवस्थित मागे आली, किती हातपाय शाबूत राहिले, ते कुठल्या अहवालात येणार? उद्यमनगरापासून गोकुळ शिरगावपर्यंतच्या कारखान्यांत बातमी पसरली, आणि त्यांना पुन्हा कुणी दारात उभं केलं नाही. सुप्रिया टिकली, आज चांगल्या जागेवर आहे. मीही ती कंपनी सोडली. अण्णा गावी गेले ते गेलेच. फोन केला की उचलतात, ऊस कसा आहे ते सांगतात, कामाचं काढलं की गप्प बसतात.

पण गावी जायच्या आधी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, पेठ वडगावला येता का, रंगरावला भेटायचं आहे. मी म्हटलं, कशाला? तो शिव्या घालेल, त्याची माणसं अंगावर येतील. म्हणाले, आली तर आली. माझ्या स्कूटरवर मागे बसून आले.

रंगराव बाहेरच्या खोलीत कॉटवर बसला होता, पाऊल उशीवर, प्लॅस्टर अजून निघालं नव्हतं. आम्ही फौंड्रीकडून आलोय असं समजून त्याने बसायला सांगितलं. अण्णा बसले नाहीत. दारातच उभे राहून त्यांनी सांगितलं की त्या मशीनने आधी पकड सोडली, त्याला कारण मी केलेली चूक. तुमचा त्यात काही दोष नाही.

रंगरावाने उशीवरचं पाऊल सावरलं. मग म्हणाला, "पर मला तर सायबांनी सांगितलं, पाय मीच मशीनम्होरच्या पिवळ्या पट्ट्याच्या आत घातला म्हणून. कागदावर सही बी घेतली."

"कुठं हुता पाय?"

"भाईर. मला वाटतंय भाईरच हुता. पर सगळी म्हणाय लागली आत हुता, तवा मला बी वाटाय लागलं, असंल आत." तो हळू आवाजात बोलत होता. घरात रोज तेच ऐकतोय म्हणाला. बेफिकीर माणूस, लक्ष कुठं असतं कुणास ठाऊक, आता पोरांनी काय खायचं. बायको तर धड बोलतही नाही म्हणाला.

माझ्या तोंडात शिव्या गोळा झाल्या होत्या, सरांसाठी आणि त्या सही घेणाऱ्या साहेबासाठी. पण त्या घरात त्यांचा काही उपयोग नव्हता. रंगरावाने आत तोंड करून हाक मारली, "मालन, भाईर ये जरा." ती कणकेचे हात तसेच घेऊन दाराशी आली आणि आमच्याकडे न बघता भिंतीला टेकून उभी राहिली.

रंगराव कॉटवर सरळ होऊन बसला. अण्णांना म्हणाला, "आत्ता परत सांगा. हिच्यासमोर सांगा."

अण्णांनी तिच्याकडे वळून पहिल्यापासून सगळं परत सांगितलं.