उन्हाळ्यात भरणारी तळी

विरळ हवेत हुंगायला म्हणून लेकीच्या लडाखच्या बॅगेत कापराची पुडी ठेवली आणि त्या वासानं मला थेट माहेरी, धरणाकाठच्या माकणीला नेलं.

कॉलेजात असताना मीही अशीच पुडी घेऊन, अण्णांपुढं लडाखचा नकाशा पसरून बसले होते. वडील नाहीच म्हणणार, ही धास्ती होती. त्यांनी निळ्या तळ्यांवरून बोट फिरवलं.

"मे महिन्यात जायलीस. तळ्यात पाणी असतंय व्हय?"

"बर्फ वितळतो ना, अण्णा. उन्हाळ्यातच भरतात ती."

त्यांनी दारातून धरणाकडं पाहिलं. आटलेल्या तळाशी शेरडं चरत होती.

"मग माझं बी तिकीट काढशील का?"

परवानगी मिळाली म्हणून माझा जीव भांड्यात पडला. आज वाटतं, परवानगी तर अण्णाच मागत होते.