खोक्यातल्या शेळ्या

पपेटचा विषय निघाला की माझा आवाज चढतो. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, समोरच्या फ्लॅटमध्येही माहीत आहे. त्यामुळे मागच्या महिन्यात मी फोन ठेवून किंचाळले, तेव्हा नवऱ्याने मोबाइलमधून डोकंसुद्धा वर काढलं नाही. "मिळाली वाटतं अजून एक शेळी," एवढंच म्हणाला.

"शेळी नाही रे! शेळीचा हात! ती येतेय, आपल्या घरी, रविवारी!"

आता हे समजावून सांगायला हवं. आमच्या लहानपणी टीव्हीवर रविवारी सकाळी एक पपेटची मालिका लागायची. जंगलात पोस्ट ऑफिस आणि पोस्टमास्तर कोण, तर एक शेळी. आलेलं पत्र आधी स्वतः वाचणार, आणि आवडलं नाही तर तिथल्या तिथे खाऊन टाकणार! आम्ही हसून हसून लोळायचो. मालिका चालू असतानाच तिचा सिनेमाही आला. खेळण्यांच्या दुकानात तिची हातात घालायची बाहुलीही आली, पुठ्ठ्याच्या खोक्यात, पुढून पारदर्शक कागद लावलेली. थोडे दिवस मिळाली आणि बंद झाली.

त्या शेळीसाठी वेडी झालेली पुण्यातली आम्ही काही माणसं रविवारी आळीपाळीने एकमेकांच्या घरी जमतो. पन्नाशीला आलेले घोडे, पण भांडतो असे की बाहेरच्याला वाटावं वाटणी चाललीय. सिनेमातल्या शेळीला पापण्या दिल्या आणि तिचा बेरकीपणा गेला, असं माझं ठाम मत आहे. हिंजवडीचा एक इंजिनियर आहे, त्याला त्या पापण्याच आवडतात. ट्रॅफिकमध्ये अडकला की तो तिथून पापण्यांच्या बाजूने मोठमोठे व्हॉइस मेसेज पाठवतो. मी ते ऐकते आणि दुप्पट मोठे परत पाठवते. खडकीला फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये राहणाऱ्या एक बाई मधे पडतात म्हणून बरं, नाहीतर आमचं बोलणं कधीच बंद झालं असतं.

पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. खोकं उघडायचं नाही. कुठल्या तरी स्टेशनरीवाल्याच्या माळ्यावरून, कुणाच्या ट्रंकेतून शोधून आणलेली शेळी सीलबंद असेल तरच शेळी. चिकटपट्टी जरा सुटलेली दिसली की आम्ही असे चुकचुकायचो जसं काही घरात कुणी आजारी आहे. उघडलेली बाहुली कुणी आणलीच तर ग्रुप तिच्याकडे ढुंकून बघत नसे.

आणि आता ऑफिसातल्या एकीच्या ओळखीतून मला ती सापडली होती. शेळीच्या आत जिचा हात होता, शेळीचा आवाज जिचा होता, ती! सत्तरी कधीच उलटलेली, सहकारनगरला एकटी राहणारी. फोनवर मी काय काय बडबडले देव जाणे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "येईन मी. भाषण वगैरे नको. फक्त एक करा. मालिका संपली त्या दिवशी शेळी हातातून काढली आणि स्टुडिओच्या पेटीत ठेवली, ती शेवटची. त्यांची मालमत्ता हो, मला कशी देतील? एकदा, एकदाच शेळी हातात घालायचीय. तुमच्याकडे असेल ना?"

"अहो ताई, असेल ना काय विचारता! ढिगाने आहेत!" मी म्हणाले.

रविवारी सगळे वेळेआधी हजर. हिंजवडीवाला तर इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. प्रत्येकाने सहीसाठी आपापलं खोकं आणलेलं, जेवणाच्या टेबलावर शेळ्यांची ही रांग! ताई आल्या, साधी सुती साडी, पायात बूट. खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या आणि उजवा हात पुढे केला. "आणा बघू."

आणि तेव्हा, अगदी तेव्हा, आमच्या डोक्यात उजेड पडला. खोली भरून शेळ्या, आणि हातात घालायला एकही नाही! पोहे काय, शाल काय, सगळी जय्यत तयारी केली होती. हे मात्र एकाही शहाण्याला सुचलं नव्हतं. प्रत्येक जण दुसऱ्याच्या खोक्याकडे बघायला लागला. हिंजवडीवाला हळूच म्हणाला, "मॅडम, आधी सह्या करून घेऊ या का?" ताईंचा हात तसाच हवेत. मग त्यांनी तो सावकाश मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "राहू दे हो. जपून ठेवल्यात तुम्ही. छान केलंत."

ते "छान केलंत" मला असं झोंबलं! माझं खोकं त्या रांगेत सगळ्यात देखणं होतं, एक ओरखडा नाही. मी ते उचललं आणि टर्रकन फाडलं. खडकीच्या बाई "अगंऽ!" म्हणून उठल्याच.

पुढे आणखी फजिती. चार बोटं वरच्या जबड्यात, अंगठा खालच्या, एवढी साधी गोष्ट. पण हात आत जाईना. खेळणं लहान मुलांच्या हाताचं, आणि ताईंची बोटं सांधेदुखीने सुजलेली. इतकी वर्षं शेळ्या जमवतोय आणि आमच्यापैकी एकालाही हे माहीत नव्हतं! घालून बघितलीय कुणी? ताई कसनुशा हसल्या आणि ती काढायला लागल्या.

"थांबा," मी म्हणाले आणि नवऱ्याकडे वळले. "कात्री आण."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. टोमणा मारेल असं वाटलं, पण मुकाट्याने कात्री आणून दिली. मी शेळीची पाठ मानेपर्यंत उसवली. कापताना मी डोळे अर्धे मिटून घेतले, खोटं कशाला बोलू? पण हात आत गेला.

आधी काहीच झालं नाही. मग शेळीने मान वर केली. मान तिरकी करून आम्हा एकेकाला न्याहाळलं. तीच ती! आवाज खरखरीत झाला होता, पण शेळीचंही वय झालंच असणार की. ती टेबलाकडे वळली, त्या रांगेकडे बराच वेळ बघत राहिली, आणि तिने विचारलं, "काय हो, ह्या सगळ्यांना कोंडून का ठेवलंय? गुन्हा काय केला बिचाऱ्यांनी?"

मग टर्रकन आवाज आला. हिंजवडीवाल्याने आपलं खोकं फाडलं होतं. त्याच्या मागून खडकीच्या बाईंनी, आणि मग काय विचारता, नुसता पुठ्ठ्यांचा पाऊस! कुणाच्या तळहातापर्यंत शेळी चढतेय, कुणाच्या दोनच बोटांवर, आणि सगळ्या एकदम बोलतायत. पापण्यांवरून आम्ही पुन्हा कडाकडा भांडलो, पण ह्या वेळी शेळ्या भांडल्या. ताईंची शेळी न्यायाधीश. नवऱ्याने पोहे आणले तर तिने त्याची बाही चावली.

ताईंनी चहा डाव्या हाताने घेतला. उजव्या हातातून शेळी काढलीच नाही, आणि मीही मागितली नाही. निघताना मी त्यांना खाली सोडायला गेले. एक रिक्षा थांबली. ताई बोलणार तेवढ्यात शेळीच पुढे झाली. "सहकारनगर. येणार का?"

रिक्षावाल्याने शेळीला आपादमस्तक पाहिलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "येईन," तो म्हणाला, "पण सीट खायची नाही."

ताई एवढ्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले. तेही त्यांनी शेळीवाल्या हातानेच पुसले.