शामरावांनी चावलेला दाणा

शामराव गेल्याचं हुडकेश्वरहून आलेल्या त्यांच्या जावयाने सांगितलं. सकाळी चहा घेतला, खाटेवर टेकले आणि... एवढंच. दीड वर्ष दम्याने बेजार झालेला माणूस असा अलगद सुटला हे ऐकून आधी हायसंच वाटलं. डोळे मागाहून भरले.

सत्तरनंतरच्या वर्षांत मी विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचं संशोधन करत होतो, तेव्हा शामराव आमच्या प्रयोगशाळेत परिचर होते. कुहीकडे धानाच्या शेतात वाढलेले, मॅट्रिकपर्यंत शिकलेले. छप्पनला दीक्षा घेतलेल्या वडिलांची इच्छा होती, पोराने विद्यापीठात जावं. "गेलो ना, काचा धुवाले," असं ते सांगत, पण त्यात कडवटपणा नसे. मी रेल्वेतल्या कारकुनाचा मुलगा. भात ताटातच पाहिलेला, आणि विषय घेतला होता साठवलेल्या धानाला लागणाऱ्या बुरशीचा!

प्रबंध टंकलेखकाकडे जायला आठवडा उरला होता. कपाट आवरताना शामरावांनी 'चिन्नोर' या वाणाचं नाव लिहिलेल्या पाकिटातला धानाचा एक दाणा नखाने सोलला, चावला आणि माझ्याकडे पाहिलं. "हा चिन्नोर नाही गा. चिन्नोर असा जाडा कुठं असते? हा लुचई होय." मी 'लुचई'चं पाकीट उघडलं. आत बारीक दाणे. दोन वर्षांपूर्वी पाकिटं बदलताना माझ्याच हातून चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. ज्या वाणाला बुरशी कमी लागते असं मी ठासून लिहिलं होतं, तोच खरं तर लवकर सडत होता. चौथं प्रकरण अख्खं उलटं झालं होतं.

"कोणाला कळणार आहे, शामराव?" मी म्हणालो. आज ते वाक्य लिहितानाही लाज वाटते.

"मले कळलं ना. अन् तुले बी." थोड्या वेळाने म्हणाले, "सरले मी नाही सांगणार. तू सांगशील."

चार दिवस अन्न गोड लागलं नाही. शिष्यवृत्ती संपत आली होती, घरी वडील निवृत्त झालेले. पाचव्या दिवशी माझ्या मार्गदर्शक सरांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगून टाकलं. सरांनी चष्मा काढून ठेवला, मग मुदतवाढीचा अर्ज स्वतःच लिहायला घेतला. संख्याशास्त्र विभागातल्या एका बाईंनी माझे तक्ते पुन्हा मांडून दिले, वसतिगृहाच्या वॉर्डनांनी खोली राहू दिली, आणि शामरावांनी कुहीहून दोन्ही वाणांचा ताजा धान पिशव्यांतून एसटीने आणला. नुसती नावं बदलून भागणार नव्हतं, जुन्या पाकिटांचा भरवसाच उरला नव्हता; प्रयोग पुन्हा उभे करायला आठ महिने गेले.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलंच, हे प्रकरण दुसऱ्यांदा का केलं? मी कारण सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं. बाहेर आलो तर शामराव व्हरांड्यात.

"झालं?"

"झालं."

"मंग काहून उभा राहून राहिला? जेव जाऊन."

परवा त्यांच्या घरी गेलो. काकूंनी, शामरावांच्या बायकोने, फळीवरून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक प्रत काढली... मी त्यांना दिलेला माझा प्रबंध. चाळताना, धानाचे नमुने घेतलेल्या गावांच्या शेवटच्या यादीत एका गावापाशी समासात शामरावांची पेन्सिलीची बारीक अक्षरं दिसली : 'हे गाव कुहीत नाही. कन्हानकडे आहे.'

"मी म्हटलं, सांगा त्याईले," काकू म्हणाल्या. "तर म्हणे, राहू दे, पास झाला आता तो."

मी हसलो, आणि मग काकूही हसल्या.